कापडाच्या पेढीवर मुलाखतीला जाताना

कापड धंद्यातील नोकरीसाठी अर्ज केलेला असतो, एके दिवशी फोन येतो की मंगळवारी अकरा वाजता मुलाखतीला या, आणि घरात धावपळ सुरू होते. नवा शर्ट आणला जातो. शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून "माझे नाव अमुक, माझे छंद अमुक" अशी सात-आठ इंग्रजी वाक्ये लिहून घेऊन ती रात्री उशिरापर्यंत पाठ केली जातात. मंगळवारी मुलगा येतो, ती वाक्ये एका दमात म्हणून टाकतो, आणि कामाचा पहिला प्रश्न येताच त्याची जीभ टाळूला चिकटते.

गेली वीस-बावीस वर्षे मी टेबलाच्या मालकाकडच्या बाजूला बसत आलो आहे. कधी स्वतःच्या पेढीसाठी, कधी प्रोसेस हाऊस किंवा गारमेंटचे युनिट चालवणाऱ्या मित्राने बोलावले म्हणून. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागाचे कारखाने घ्या, नाहीतर मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधील पेढ्या घ्या, आमच्याकडे जागा साधारण ठरलेल्या असतात. बिले व हिशेब पाहणारा, ग्रे कापड तपासणारा, गोदामात माल आत-बाहेर करणारा, दुकानदारांकडे नमुने घेऊन जाणारा, आणि एक्स्पोर्टचे काम असेल तर ऑर्डरचा पाठपुरावा करणारा मर्चंडायझर. या प्रत्येक जागेला विचारण्याचे प्रश्नही बहुधा ठरलेले असतात. म्हणून वाटले की जे आम्ही विचारतो, ते सरळ वाचकांपुढे ठेवावे. यात गुपित असे काही नाही.

पहिली गोष्ट, ज्या पेढीवर जायचे तिची माहिती काढा. अर्ध्याहून जास्त उमेदवारांना "आम्ही काय बनवतो?" याचे उत्तर "कापड" असे देताना मी ऐकले आहे. शर्टिंग की सूटिंग, कॉटन की पॉलिस्टर मिश्र, ड्रेस मटेरियल की चादर-टॉवेल, माल ग्रे विकतात की रंगवून, एवढे तरी कळायला हवे. हे शोधणे कठीण नाही. त्या पेढीचा शिक्का असलेला तागा ज्या दुकानात विकला जातो, तिथे जाऊन दहा मिनिटे उभे राहा आणि दुकानदाराला अदबीने विचारा. पेढीच्या बिलावर किंवा पाटीवर जीएसटी क्रमांक असतो. तो पंधरा अक्षरांचा असून त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की पेढीचे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, भागीदारी आहे की कंपनी, हे सारे फुकट दिसते. याचा दुसराही उपयोग आहे. फोनवर नोकरी देतो म्हणून "अर्जाची फी", "गणवेशाची अनामत" असे पैसे मागणारे ठग फार झाले आहेत. खऱ्या पेढीला माणूस हवा असतो, ती माणसाकडून पैसे मागत नाही. पैसे मागितले की तिथेच फोन ठेवावा.

कामाचा प्रश्न

आता मुख्य भागाकडे येतो. हिशेबाच्या किंवा खरेदीच्या जागेसाठी मी एक प्रश्न नेहमी विचारतो. ग्रे कापड ४६ रुपये मीटर, प्रोसेसचा दर १४ रुपये मीटर, तर तयार कापड कितीला पडले?

बहुतेक जण क्षणात सांगतात, ६० रुपये. बी.कॉम. झालेलेही हेच सांगतात. बेरीज बरोबर आहे, पण या हिशेबाने धंदा केला तर पेढी बसेल. कारण ग्रे कापड धुलाई-रंगाईला गेले की आकसते. १०० मीटर ग्रे पाठवले आणि ९२ मीटर परत आले असे धरा. ग्रेचे ४,६०० रुपये तर तुम्ही मोजलेच आहेत. ते ९२ मीटरवर वाटले की ग्रेचाच भाव मीटरला ५० रुपये होतो. त्यात १४ मिळवले की ६४. हे झाले प्रोसेसचे बिल तयार मीटरवर आले तर. तेच बिल ग्रे मीटरवर आले, तर प्रोसेसचे १,४०० रुपये होतात, एकूण ६,०००, आणि त्याला ९२ ने भागले की ६५ रुपये २२ पैसे. म्हणजे ज्याने ६० म्हटले, तो मीटरमागे चार ते सव्वापाच रुपये खिशातून घालणार. दहा हजार मीटरच्या ऑर्डरवर हे किती झाले, ते ज्याचे त्याने मोजावे.

एकदा एका मुलाने हा प्रश्न ऐकला आणि उत्तर देण्याऐवजी मलाच विचारले, "श्रिंकेज किती धरायचे? आणि प्रोसेसवाला बिल कुठल्या मीटरवर लावतो?" मी त्याला पुढचे फारसे विचारले नाही. त्याने पुढे आकडा सांगितला त्यात थोडी चूकही होती, ती मी सोडून दिली. भागाकार कॅल्क्युलेटर करतो. काय विचारायचे राहिले आहे, हे ज्याला कळते तो माणूस आम्हाला हवा असतो. तेव्हा मुलाखतीत प्रश्न अर्धवट वाटला, तर घाबरून काहीतरी ठोकून देऊ नका. काय माहिती कमी आहे ते विचारा. समोरचा माणूस रागावत नाही, उलट सावरून बसतो.

तसाच दुसरा प्रश्न नफ्याचा. ८० रुपयांचे कापड १०० ला विकले, नफा किती टक्के? शाळेत शिकवल्याप्रमाणे उत्तर २५ टक्के, कारण तिथे नफा खरेदीवर काढतात. पण दुकाने आणि गारमेंटच्या कंपन्या ज्याला मार्जिन म्हणतात ते विक्रीवर काढतात, म्हणजे २० टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त कशावर ते सांगितले पाहिजे. "खरेदीवर पंचवीस, विक्रीवर वीस" असे जो म्हणतो त्याला कुठे शिकला, कुठल्या माध्यमातून शिकला, हे विचारण्याची गरज राहत नाही.

कापड तपासणीच्या जागेसाठी आम्ही हातात तुकडाच देतो. काउंटिंग ग्लासखाली एका इंचात ताण्याचे किती धागे आणि बाण्याचे किती, हे मोजता आले पाहिजे. आमच्यात ज्याला रीड-पिक म्हणतात ते हेच, आणि घरी माग असलेल्या मुलांना ते लहानपणापासून ठाऊक असते, फक्त ते विद्या आहे हे त्यांना ठाऊक नसते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतात, त्याचे वजन १.८ ग्रॅम भरले तर कापड १८० जीएसएमचे. एक धागा जाळून पाहिला तर सुताला कागद जळाल्याचा वास येतो आणि हलकी राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. एक्स्पोर्टवाले चार गुणांची पद्धत विचारतात, ती अशी. दोष तीन इंचांपर्यंत असेल तर एक गुण, तीन ते सहा इंचाला दोन, सहा ते नऊला तीन, त्यावर चार, आणि एका वारात कितीही दोष असले तरी चाराहून जास्त गुण धरत नाहीत. शंभर चौरस वारात चाळीस गुणांपर्यंतचा माल बहुधा पास करतात, तरी ग्राहकागणिक ही मर्यादा बदलते. हे सगळे एका दिवसात समजणारे आहे, परंतु तो दिवस मुलाखतीच्या आधीचा असला पाहिजे.

हिशेबाच्या जागेला टॅली येते का, हे विचारतातच. त्यापुढे कायद्याचे ताजे ज्ञान पाहतात. २०२५ च्या दिवाळीनंतर मी एकाला तयार कपड्यांवरील जीएसटी विचारला. त्याने झटकन सांगितले, हजारापर्यंत पाच टक्के, वर बारा. हे २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत बरोबर होते. दुसऱ्या दिवसापासून नगाला अडीच हजारांपर्यंत पाच आणि त्यावर अठरा टक्के झाले, आणि आमच्या बाजारात तर त्या महिन्यात दुसरी चर्चाच नव्हती. मुलगा हुशार होता, पण पुस्तक जुने होते. तसेच ई-वे बिल. परराज्यात जाणारा माल ५० हजारांवर असेल तर ते लागते, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. तसेच १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली आयकराची तरतूद. नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु कारखानदाराचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे चुकते केल्यावरच धरता येतो. उधारीवर चालणाऱ्या कापड बाजाराची या तरतुदीने झोप उडवली होती. ही सवलत नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याच्या उधारीला लागू नाही, एवढे जरी उमेदवाराने सांगितले तरी त्याने विषय वाचला आहे हे समजते.

भाषेची धास्ती

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. त्यामुळे उर्दू आणि मराठी शाळांतून आलेल्या मुलांच्या मनात काय चालते, ते मला सांगावे लागत नाही. गणित येत असते, पण ते जरब-तकसीम आणि नफा-नुकसान या शब्दांत येत असते. समोरच्याने "मार्क-अप" म्हटले की मुलाला वाटते हे काहीतरी कॉलेजातले आहे, आणि तो म्हणतो, "येत नाही." येत असते! फक्त नाव माहीत नसते. यावर उपाय सोपा आहे. एक वही घ्या आणि आपल्या भाषेत येणाऱ्या पन्नास शब्दांपुढे बाजारातले इंग्रजी शब्द देवनागरीत किंवा उर्दूत लिहा. लागत म्हणजे कॉस्ट, उधारी म्हणजे क्रेडिट, वसुली म्हणजे रिकव्हरी, शिल्लक माल म्हणजे स्टॉक, पन्हा म्हणजे विड्थ. पन्नास शब्दांवर आमचा अख्खा बाजार चालतो.

आणि बोलायचे कुठल्या भाषेत? पाठ केलेले इंग्रजी दोन मिनिटांत उघडे पडते. मी तर म्हणेन की सुरुवातीलाच विचारावे, "मी हिंदीत किंवा मराठीत बोललो तर चालेल का?" पेढीवर व कारखान्यात हे चालते. परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार करण्याच्या जागेला चालणार नाही, तिथे इंग्रजी शिकूनच जावे, दुसरा मार्ग नाही. मराठीकडे मात्र आपल्या मुलांनी काणाडोळा करू नये. सरकारी कचेऱ्या, वीज कंपनी, पोलिस चौकी, ट्रकवाला, हमाल, या सर्वांशी काम पडते. ज्याला मराठीत अर्ज लिहिता येतो तो उमेदवार मालकाला चार पैसे जास्त देण्यालायक वाटतो. हे मी अनुभवाने सांगतो.

अर्जातली थाप

१९९१ साली मी मुंबईत एका कंपनीच्या कचेरीत मुलाखतीला गेलो होतो. जागा ग्रे कापड खरेदीच्या खात्यातील कारकुनाची होती. अर्जात मी लिहिले होते, इंग्रजी टायपिंग, वेग ४०. त्या वेळी सरकारी परीक्षा ३० आणि ४० च्या वेगाच्या असत आणि मी क्लासला जेमतेम अडीच महिने गेलो होतो, परीक्षा दिलीच नव्हती. मित्र म्हणाला होता, कोण तपासतो? मॅनेजरने काही न बोलता मला मशीनपुढे बसवले आणि एक पत्र समोर ठेवले. पाच मिनिटांत माझ्या पाच ओळीही झाल्या नाहीत, आणि त्यात खाडाखोड किती, ते न सांगितलेले बरे. त्यांनी कागद पाहिला आणि शांतपणे विचारले, "बरे, तुम्हाला खरोखर काय येते?"

मला कापड येत होते. आमच्या चाचांच्या मागांवर माझे बालपण गेले होते. सूत चुटकीत धरून काउंटचा अंदाज सांगता येत होता, विणकरीचा दोष कुठे आणि माग-मिस्त्रीचा कुठे, हे तुकडा पाहून कळत होते. त्या खात्याला हवे होते ते हेच. पण थाप पकडली गेल्यावर माझी मान खाली गेली होती, ती वर झालीच नाही. "काही नाही" असे पुटपुटून मी बाहेर आलो. आजही ग्रेचा तागा उलगडताना कधी कधी ते पत्र आणि ते मशीन आठवते.

म्हणून बायोडाटात जे लिहाल त्यातला प्रत्येक शब्द तुम्हाला विचारला जाईल, असे समजून लिहा. टॅली "येते" लिहिले तर खरेदीची नोंद करून दाखवायला सांगतील. सहा महिने काम केले असेल तर सहाच लिहा. मधली दोन वर्षे घरी बसला असाल, तर का बसलात ते साध्या शब्दांत सांगा. अब्बांचे आजारपण, घरचा माग चालवणे, परीक्षेत नापास होणे, यातले काहीही सांगण्यासारखे आहे. आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नाला जुन्या मालकाची निंदा करू नका. तो मालक आमच्याच बाजारातला असतो, बहुधा आम्ही संध्याकाळी एकाच हॉटेलात चहा पितो.

घरात आपण जे करतो त्याची किंमत मुलींना मुलांपेक्षाही कमी वाटते, असे माझ्या पाहण्यात आहे. एका मुलीने बायोडाटात अनुभवाच्या रकान्यात "नाही" लिहिले होते. बोलता बोलता कळले की ती तीन वर्षे मोहल्ल्यातील बायकांकडून टिकली-कुंदनचे काम करून घेत होती, माल वाटणे, नग मोजून घेणे, मजुरीचा हिशेब, सारे तिच्याकडे. हाच तर अनुभव! इथे एक विनंती पालकांना. मुलीला सोबत करा, जरूर करा, परंतु आत आल्यावर प्रश्नांची उत्तरे तिलाच देऊ द्या. वडील उत्तर देतात तेव्हा आम्हाला वडिलांची परीक्षा घेता येते, मुलीची राहून जाते.

पगाराची गोष्ट

पगार किती घ्याल, या प्रश्नाला "आपण द्याल तो" असे म्हणू नये. त्यात नम्रता दिसत नाही, तयारी नाही हे दिसते. त्याच बाजारात त्याच कामाला दोन-तीन ठिकाणी काय देतात याची चौकशी करून एक आकडा सांगावा, आणि थोडे खाली-वर होण्याची तयारी ठेवावी. दुसरे म्हणजे ठरलेला पगार आणि हातात येणारा पगार यातला फरक तिथेच विचारून घ्यावा. समजा १८,००० ठरले आणि त्यातील मूळ वेतन १२,००० आहे. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० गेले, ईएसआयसीचे पाऊण टक्का म्हणजे १३५ गेले, व्यवसाय कराचे २०० गेले, हातात १६,२२५ आले. पहिल्याच महिन्यात "मालकाने पैसे कापले" म्हणून नोकरी सोडून आलेले तरुण मी पाहिले आहेत. निधीचे पैसे कुठे जात नाहीत, मालकही आपला वाटा घालतो, आणि ईएसआयसीमुळे घरातल्यांचे औषधपाणी होते. उलट जिथे काहीच कापत नाहीत तिथे का कापत नाहीत, हे विचारावे.

कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, ओव्हरटाइम, सणासुदीला उशिरापर्यंत थांबावे लागते का, हेही सगळे आधी बोलावे. शुक्रवारच्या नमाजला वेळ लागणार असेल तर तेही इथेच, सरळ आवाजात सांगावे. जेवणाची सुट्टी त्या दिवशी पुढे-मागे करून बहुतेक ठिकाणी जमते. नोकरी लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात सांगितले की मग कुरबुर होते.

बाकी छोट्या गोष्टींवर फार लिहीत नाही. वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचा, भिवंडीच्या रस्त्यांवर तर घरून एक तास आधी निघा. कपडे इस्त्रीचे असावेत, नवे असण्याची गरज नाही. कापडवाल्याची नजर शर्टाच्या कापडावर जातेच, तेव्हा स्वतःच्या अंगावरचे कापड कसले आहे हे माहीत असू द्या, मी हा प्रश्न गमतीने विचारतो आणि त्यावर खूप जण अडकतात. मूळ कागदपत्रे एका फाइलमध्ये आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या. मोबाइल बंद. मुलाखत व्हिडिओ कॉलवर असेल तर खिडकीकडे तोंड करून बसावे, पाठीमागून मिक्सर आणि माग यांचा आवाज येऊ नये.

निवड झाली नाही तरी त्या दिवसाचे एक काम उरते. घरी आल्यावर, जेवण्याआधी, विचारलेले सगळे प्रश्न आठवून वहीत उतरवा, उत्तर आले ते आणि न आले तेही, आणि न आलेल्यांची उत्तरे बाजारात जाऊन कोणा जाणत्याला विचारा. वर ज्या मुलाने मलाच श्रिंकेज विचारले होते, त्याला मी नंतर, कामावर रुजू झाल्यावर, हे तुला कोणी शिकवले म्हणून विचारले. त्याने पिशवीतून चाळीस पानी वही काढली. माझ्याकडे येण्याआधी तो सात ठिकाणांहून परत आला होता. तिसऱ्या ठिकाणी त्याला हाच हिशेब दुसऱ्या आकड्यांनी घातला होता, त्याने फक्त बेरीज सांगितली होती आणि ती नोकरी गेली होती. वहीत त्या पानावर खाली लाल पेनने लिहिले होते : श्रिंकेज विचारणे, बिल कुठल्या मीटरवर ते विचारणे.